वाड्याला 'मॉडर्न टच': काचेच्या छतापाशी माझं काय चुकलं

मागच्या लेखात आपण संशोधनाचा प्रश्न बारीक कसा करायचा ते पाहिलं. आज समीक्षेबद्दल बोलू. 'मला आवडलं' किंवा 'मला नाही पटलं' याच्या पुढे जाऊन, दुसऱ्याला तपासून पाहता येईल असं काहीतरी एखाद्या कामाबद्दल कसं म्हणायचं, एवढाच मुद्दा आहे. पेट परीक्षेच्या मुलाखतीत आणि पुढे प्रपोजलमध्ये नेमकं हेच विचारतात, आणि नेमकं इथेच आपण गडबडतो.

उदाहरण माझ्या विषयातलं घेते: जुनं ऐतिहासिक घर आजच्या डिझाइनच्या नजरेने दुरुस्त करणं. वाडे, गढ्या, गावाकडची मोठी घरं. हल्ली याला सरसकट 'मॉडर्न टच' म्हणतात. तुमचा विषय रसायनशास्त्र असो नाहीतर मराठी साहित्य, हरकत नाही. मी इथे ज्या चुका केल्या त्या कुठल्याही विषयात होतात.

खिडकीतून दिसणारं घर

मी पिंपळे सौदागरला राहते. अभ्यासाचं टेबल सातव्या मजल्यावरच्या खिडकीशी आहे. एका बाजूला सोसायट्या आणि सकाळी हिंजवडीकडे निघालेल्या कंपन्यांच्या बसेस दिसतात. दुसऱ्या बाजूला जुनं गावठाण: अरुंद गल्ल्या, तीन-चार मजली आरसीसी घरं, आणि त्यांच्या मधे अडकलेलं एकच कौलारू छप्पर. पाच वर्षं मी ते छप्पर बघत होते आणि वारशावरचे परदेशी लेख वाचत होते. दोन्हींचा एकमेकांशी संबंध आहे, हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं.

ते घर आमच्या ओळखीचं. पूर्वी आमच्याकडे त्यांच्याच गोठ्यातलं दूध यायचं. गावात त्याला 'वाडा' म्हणतात, पण शनिवारवाडा डोळ्यांसमोर आणू नका. दगडी जोतं, सागवानी खांब, खालपासून वरपर्यंत भेंड्यांच्या भिंती, मधे लहानसा चौक, चौकाला लागून ओसरी, आत माजघर आणि देवघर. मागचा गोठा आता दुचाक्यांचं पार्किंग झालाय. अशी हजारो घरं कुठल्याच वारसा यादीत नसतात. त्यांचं काय होणार हे घरातली माणसंच ठरवतात, आणि बऱ्याचदा एखाद्या पावसाळ्यात ठरवतात.

त्या घरातल्या काकांनी आईला सांगितलं, "तुमची ताई यातच डॉक्टर होतीय ना? तिला म्हणावं, येऊन बघ जरा. पाडायचं का ठेवायचं, तू सांग." दोन भाऊ आहेत. धाकट्यांना जागा बिल्डरला द्यायची आहे, थोरल्यांचं मन होत नाही. आणि दोघांच्या मधे आजी.

मी गेले. दोन तास फिरले, भरपूर फोटो काढले, आणि आठवड्याभरात चौदा स्लाइड्सचं प्रेझेंटेशन केलं. शेवटच्या स्लाइडवर चौकावर काचेचं छत होतं, काळ्या स्टीलच्या फ्रेममध्ये. खाली कॉफी टेबल, एका कोपऱ्यात तुळस. फार देखणं दिसत होतं. माझ्या गाईडना दाखवलं. त्यांनी एकच प्रश्न विचारला: "पाऊस कुठे जाणार?"

त्या प्रश्नाचं उत्तर द्यायला मला चार महिने लागले. हा लेख म्हणजे ते उत्तर.

आधी शब्द तपासा

समीक्षेची पहिली पायरी म्हणजे आपण वापरतोय तो शब्द नेमका काय सांगतो ते बघणं. मराठीत या कामाला आपण पटकन 'जीर्णोद्धार' म्हणतो. पण तो शब्द मंदिरांकडून आलाय. देवळाच्या जीर्णोद्धारात दगड बदलला, शिखर नवं बांधलं, वर ऑइल पेंट दिला, तरी गावाच्या दृष्टीने देऊळ तेच राहतं, कारण देव तोच आहे. जुनेपण वस्तूत नसतं, चालत आलेल्या पूजेत असतं.

हा विचार अडाणी नाही बरं का. जपानमधलं इसे इथलं मंदिर दर वीस वर्षांनी नव्या लाकडात पुन्हा बांधतात. १९९४ साली जपानच्याच नारा शहरात जगभरचे तज्ज्ञ जमले आणि 'अस्सलपणा' प्रत्येक संस्कृतीत एकाच मापाने मोजता येणार नाही, हे त्यांनी कागदावर मान्य केलं. तो नारा दस्तऐवज.

घराचं मात्र तसं नाही. घरात देव एका कोनाड्यात असतो, बाकी जागेत माणसं असतात आणि ती बदलत राहतात. म्हणून घराच्या बाबतीत निदान चार शब्द वेगळे ठेवायला हवेत. दुरुस्ती म्हणजे मोडलेलं चालू करणं. जतन म्हणजे आहे ते आणखी बिघडू न देणं. पुनर्स्थापना म्हणजे पूर्वीच्या एखाद्या अवस्थेत परत नेणं. आणि पुनर्वापर म्हणजे घराला नवं काम देणं. माझ्या चौदा स्लाइड्समध्ये हे चारही शब्द एकाच अर्थाने आले होते. तुमच्या प्रपोजलमध्ये असा एखादा शब्द आहे का, आज संध्याकाळी शोधा. असणारच.

दोन टोकं, आणि एक अर्धवट वाचलेलं कलम

या विषयातला जुना वाद एकोणिसाव्या शतकातल्या युरोपातला आहे. फ्रान्समध्ये व्हियोले-ल-द्यूक नावाचा वास्तुविशारद म्हणत होता की इमारत पुनर्स्थापित करणं म्हणजे तिला पूर्णत्वाला नेणं, मग ती अवस्था प्रत्यक्षात कधी अस्तित्वात नसली तरी चालेल. इंग्लंडमध्ये जॉन रस्किनने १८४९ च्या आपल्या पुस्तकात याच्या अगदी उलट भूमिका घेतली: पुनर्स्थापना हा इमारतीचा नाशच आहे, फक्त तो फसवून केलेला नाश आहे. विल्यम मॉरिसने १८७७ मध्ये जुन्या इमारतींच्या रक्षणासाठी संस्था काढली ती याच विचारातून. तिचं म्हणणं होतं, खरवडून नवं करू नका, रोजची देखभाल करा.

हा वाद तुम्हाला प्रत्येक थीसिसच्या दुसऱ्या प्रकरणात सापडेल. तिथून सगळे थेट १९६४ च्या व्हेनिस सनदेवर उडी मारतात. या सनदेचं नववं कलम आमच्या क्षेत्रात सगळ्यात जास्त उद्धृत होतं. नवं काम जुन्यापासून वेगळं ओळखू यावं आणि त्यावर आपल्या काळाची खूण असावी, असं त्याचं तात्पर्य सांगतात. काचेच्या पेट्या, स्टीलचे जिने, उघडं काँक्रीट, सगळ्याला याच कलमाचा आधार देतात. मीही दिला होता.

गाईडच्या प्रश्नानंतर मी ते कलम पहिल्यांदा मुळातून वाचलं. म्हणजे त्याआधी दोन वर्षं मी ते दुसऱ्यांच्या लेखांतून उचलत होते. मुळात काय आहे? आधी म्हटलंय की जिथे अंदाज सुरू होतो तिथे पुनर्स्थापनेचं काम थांबायला हवं. मग म्हटलंय की जे जादा काम टाळताच येणार नाही, ते वेगळं ओळखू यावं. 'टाळताच येणार नाही' ही अट आधी, 'वेगळं दिसावं' हे नंतर. आपण सगळ्यांनी अट गाळली आणि परवानगी तेवढी ठेवली.

आणखी दोन कलमं लोक विसरतात. अकरावं म्हणतं की वेगवेगळ्या काळांत झालेल्या रास्त भरींचा मान ठेवा, सगळी इमारत एका शैलीत आणणं हा हेतू नाही. बारावं म्हणतं की हरवलेल्या भागाच्या जागी जे बसवाल ते एकूण इमारतीशी जुळावं, तरी मुळापासून वेगळं ओळखताही यावं. म्हणजे नुसतं 'वेगळं' नाही, 'जुळणारं आणि वेगळं'. हे जमवणं फार कठीण आहे, आणि समीक्षेचं खरं काम इथूनच सुरू होतं.

तुम्ही कुठल्याही विषयात असा, इथे थांबून एक गोष्ट लिहून ठेवा: जे वाक्य तुमच्या क्षेत्रात सगळे उद्धृत करतात, ते मूळ ठिकाणी जाऊन त्याच्या आधीच्या आणि नंतरच्या वाक्यासकट वाचा.

एक गाजलेलं काम

'मॉडर्न टच'चा उत्तम नमुना म्हणून जगभर इंग्लंडमधल्या ॲस्टली कासलचं नाव घेतात. नावात किल्ला असला तरी ते वॉरिकशरमधलं खंदकाने वेढलेलं ग्रामीण सरदारी घर. लेडी जेन ग्रेच्या घराण्याशी त्याचा संबंध होता. पुढे तिथे हॉटेल झालं, १९७८ मध्ये आग लागली आणि घराचं भग्नावशेषात रूपांतर झालं. लँडमार्क ट्रस्ट ही धर्मादाय संस्था अशा इमारती वाचवते आणि सुट्टीसाठी भाड्याने देते. तिने हे काम विदरफर्ड वॉटसन मॅन या वास्तुविशारदांना दिलं. २०१३ साली त्याला ब्रिटनमधला स्टर्लिंग पुरस्कार मिळाला.

त्यांनी काय केलं? पडलेलं घर पुन्हा उभं करून 'जसं होतं तसं' दाखवलं नाही. उरलेल्या भिंतींच्या आत नवं घर बसवलं. जुन्या दगडी भिंतीची तुटकी कडा जिथे संपते तिथून नवी वीट सुरू होते आणि ती कडा दिसत राहते. भिंतींना धरून ठेवायला जो आधार लागणार होता, तेच नवं घर झालं. झोपायच्या खोल्या खाली आणि बैठक वर घेतली, म्हणजे वरून परिसर दिसतो. घराचा काही भाग बिनछपराचाच ठेवला, तिथे भिंतींच्या मधे उघडं आकाश आहे.

माझ्या मते हे काम खरंच चांगलं आहे, आणि ते फोटोत छान दिसतं म्हणून नव्हे. नवं बांधकाम नसतं तर जुनी भिंत पडली असती. म्हणजे नवव्या कलमातली 'टाळता येणार नाही' ही अट इथे पूर्ण होते.

पण समीक्षा इथे संपत नाही. हा नमुना आपण इकडे आणतो तेव्हा तीन गोष्टी मागे राहतात. एक, ते घर भग्न होतं, त्यात कुणी राहत नव्हतं. दोन, तिथे येणारी माणसं सुट्टीपुरती येतात, धुणं-भांडी आणि म्हातारपण घेऊन येत नाहीत. तीन, मागे एक संस्था उभी आहे. आमच्या गावठाणातल्या घरात यातलं काहीच नाही. मी त्या घराला मनातल्या मनात भग्नावशेष समजले होते, आणि आत आजी बसलेली होती.

आपल्याकडे: जाधवगड आणि मेणवली

आता जवळची उदाहरणं बघू. आपल्याकडे इंग्लिश 'कंट्री हाउस'च्या सगळ्यात जवळचा प्रकार म्हणजे गढी आणि गावाकडचा सरदारी वाडा.

सासवडजवळच्या जाधववाडीला पिलाजी जाधवरावांची गढी आहे, १७१० सालची. पिलाजी हे शाहू महाराजांच्या काळातले सरदार. आज ती 'फोर्ट जाधवगड' नावाचं हेरिटेज हॉटेल आहे. विठ्ठल कामत यांच्या उद्योगसमूहाने ते उभं केलं. 'आई' नावाचं संग्रहालयही तिथे आहे. पुण्याहून लोक शनिवार-रविवारी जातात, लग्नं होतात.

याचं श्रेय आधी मान्य करू या. महाराष्ट्रात कितीतरी गढ्यांचे बुरूज ढासळलेत, दगड लोकांनी घरासाठी नेलेत. इथे तट उभे आहेत, छप्पर शाबूत आहे, रोज कोणीतरी झाडतं. इमारत वापरात राहणं हेच तिचं सगळ्यात स्वस्त जतन असतं.

मला प्रश्न पडतो तो वेगळा. इथे नवं आहे ते लपवलंय आणि जुनं आहे ते नाटकात उभं केलंय. पाहुणा आला की तुतारी वाजते, फेटेवाला माणूस स्वागत करतो. पण गढी म्हणजे केवळ थाट नव्हता. ती वसुलीची, साठवणीची, पहाऱ्याची जागा होती. आसपासच्या गावांचं धान्य आणि पैसा तिथे यायचा. खोलीत एसी आणि टेरेसवर तुतारी, या दोन्हींच्या मधे हा इतिहास पाहुण्याला कुठे भेटतो? थाट ठेवला आणि काम गाळलं की घर एकाच वर्गाच्या आठवणीचं होऊन जातं. हॉटेलने पोहण्याचा तलाव बांधला याबद्दल माझी तक्रार नाही. तलाव निदान प्रामाणिकपणे आजचा आहे.

दुसरं टोक वाईजवळ. मेणवलीला कृष्णेच्या काठी नाना फडणवीसांचा वाडा आहे, सहा चौकांचा, मागे घाट. घाटावर वसईच्या मोहिमेतून आणलेली पोर्तुगीज घंटा आहे. 'स्वदेस' सिनेमात तुम्ही हा परिसर पाहिलाय. याच घरात जपलेल्या कागदांना इतिहासकार 'मेणवली दप्तर' म्हणतात आणि पेशवाईच्या उत्तरार्धाच्या अभ्यासात ते महत्त्वाचं साधन आहे. इथे कुठला मोठा 'डिझाइन' हस्तक्षेप उठून दिसत नाही. चौकातून चौकात गेलं की उजेड कसा कमी-जास्त होतो, पुरुषांची बैठक कुठे संपते आणि बायकांचा वावर कुठे सुरू होतो, हे अजून चालून समजतं. मेणवलीत घरही दप्तरासारखं वाचता येतं. जाधवगडात वाचायला अडचण होते, कारण आपल्याला आधीच एक गोष्ट मोठ्या आवाजात सांगितलेली असते.

म्हणून 'सगळी घरं मेणवलीसारखी तशीच ठेवा' असं म्हणायचं का? मी तसं म्हणायला निघाले होते. आजींनी अडवलं.

आजींचं मत, आणि एक खांब

दुसऱ्यांदा गेले तेव्हा फोटो काढले नाहीत. टेप, वही आणि पेन्सिल नेली. थोरल्या काकांचा मुलगा टेप धरायला आला. वाड्याचं माप खणात मोजतात, म्हणजे दोन खांबांमधलं अंतर. हे घर तीन खणी. मी माजघराबद्दल काहीतरी कौतुकाने बोलत होते, तिथला तो शांत अंधार वगैरे.

आजी म्हणाल्या, "अगं पोरी, तो अंधार तुला चांगला वाटतो. माझी चाळीस वर्षं त्यात चुलीपुढं गेली. धूर डोळ्यांत जायचा. आन् रात्री पोटात दुखलं तर कंदील घिऊन गोठ्याच्या मागं जायचं."

हे कुठल्याही सनदेत नाही. वाड्यात संडास घराबाहेर असायचा, स्वयंपाकघरात उजेड नसायचा, आणि त्याची किंमत घरातल्या बायकांनी मोजली. आधुनिक दृष्टी जर कुठे खरोखर टाळता येणार नसेल तर ती इथे: आत संडास-न्हाणी, धूर जाईल असं स्वयंपाकघर, म्हातारीला धरता येईल असा जिन्याचा कठडा, आणि सुरक्षित वायरिंग. पाणी घरात आणणं सोपं नाही. सागवानी खांब आणि भेंड्यांच्या भिंतीत ओल गेली की दहा वर्षांत घर जातं. म्हणून न्हाणी कुठे, नळ कुठल्या भिंतीवरून, ओल दिसेल अशी पाइपलाइन बाहेरून न्यायची की झाकायची, हे खरे डिझाइनचे प्रश्न आहेत. माझ्या चौदा स्लाइड्समध्ये यातला एकही नव्हता. कॉफी टेबल होतं.

मग चौकाकडे आले. वाड्याचा चौक तीन कामं करतो. उजेड आत आणतो. तापलेली हवा वर सोडतो, त्यामुळे भोवतालच्या ओसऱ्यांतून गार हवा ओढली जाते. आणि चारी पाख्यांचं पाणी गोळा करून मोरीतून बाहेर काढतो. त्यावर काच घातली की हवा अडते, एप्रिलमध्ये खाली भट्टी होते, आणि चारी पाख्यांचं पाणी काचेच्या कडेला, म्हणजे नेमकं तुळयांच्या टोकांवर साठतं. 'पाऊस कुठे जाणार?' याचं उत्तर: माझ्या डिझाइनमध्ये पाऊस घराच्या हाडांत जाणार होता.

भिंतींचंही तसंच. पाच-सहा वर्षांपूर्वी कुणीतरी पुढच्या भिंतीला सिमेंटचा गिलावा केलाय. मजबूत दिसतो. पण मातीची आणि चुन्याची भिंत ओल घेते आणि सोडते, सिमेंट ती सोडू देत नाही. ओल आत कोंडते, वर चढते आणि लाकूड कुजवते. त्या भिंतीतल्या खांबाच्या बुडाला मी पेन्सिल टेकवली, ती आत गेली. शेजारच्या, बिनसिमेंटच्या भिंतीतला खांब खणखणीत आहे. चुन्याचा गिलावा, त्यात गूळ, हिरडा, बेल घालायची जुनी रीत, हे 'परंपरा' म्हणून गोंडस वाटतं म्हणून मी सांगत नाही. तो या भिंतीला चालतो आणि सिमेंट चालत नाही, एवढंच.

आणि मग तो खांब. ओसरीतला डावीकडून तिसरा. मोजताना दिसलं की त्याच्या अंगावर दोन रिकाम्या खाचा आहेत, कंबरेच्या उंचीवर. त्यात काहीच बसत नाही, बसेल असं काही आसपास नाही. तळखडाही बाकीच्यांपेक्षा लहान. मी काकांना विचारलं. ते हसले. "तो मूळचा आमचा न्हाईच. आमच्या पणज्यानं दुसऱ्या कुणाचं तरी घर मोडलं तिथून आणला म्हणत्यात."

मी तिथेच जोत्यावर बसले. चार वर्षं मी 'मूळ अवस्था' हा शब्द लिहितेय. या घराची मूळ अवस्था कुठली? त्याचा एक खांब आधीच दुसऱ्या घराची आठवण आहे. ज्या पणजोबांनी तो आणला त्यांनी खाचा बुजवल्या नाहीत, घासून नव्यासारखं केलं नाही. बसवला आणि पुढचं काम केलं. अकरावं कलम त्यांना माहीत असण्याचं कारण नव्हतं.

माझं म्हणणं

तर चार महिन्यांनंतर माझं म्हणणं असं झालंय. जुन्या घरात आधुनिक दृष्टी आणणं म्हणजे काच, स्टील किंवा उघडी वीट नव्हे, आणि नवं जुन्यासारखं सजवणंही नव्हे. आधी झालेल्या दुरुस्त्या वाचता येतील असं ठेवणं, राहणाऱ्याच्या खऱ्या गरजेपुरतंच नवं घालणं, आणि आपण घातलेलं पुढच्या माणसाला इजा न करता काढता येईल असं घालणं. एवढं जमलं तर ते काम आधुनिक, मग ते फोटोत साधं दिसलं तरी चालेल.

हे म्हणणं तपासता येईल अशा प्रश्नांत मांडते. कुठलंही असं काम पाहिलंत की विचारा:

१. नवं काम नसतं तर काय बिघडलं असतं? उत्तर 'काही नाही' असेल तर ते काम हौस आहे. हौसेला बंदी नाही, पण तिला सनदेचं कलम लावू नका.

२. काय काढलं, आणि ते कुठे सांगितलंय का? दुरुस्तीआधीची मापं, रेखाचित्रं, फोटो ठेवलेत का?

३. नवं आणि जुनं ओळखू येतं का, आणि तरी एकत्र नांदतंय का?

४. पाणी, हवा आणि ओल आता कुठून जातात?

५. या घरात कष्ट कोण करायचं, आणि त्या माणसाचं आयुष्य या दुरुस्तीने सोपं झालं का?

पाचवा प्रश्न मी वाचलेल्या एकाही सनदेतून उचललेला नाही, तो आजींचा आहे. थीसिसमध्ये त्याचा उगम कसा नोंदवायचा यावर गाईडबरोबर अजून चर्चा चालू आहे.

माझ्या म्हणण्यातली कमकुवत बाजूही सांगते, कारण व्हायवात कोणीतरी सांगणारच. 'काढता येईल असं काम' ही कल्पना काही ठिकाणी टिकत नाही. भूकंपासाठी किंवा वाकलेल्या भिंतीसाठी केलेला मजबूत आधार पुन्हा सहज काढता येत नाही. ॲस्टलीमध्येही नवी वीट जुन्या भिंतीपासून आता सोडवणं अवघड आहे. म्हणजे माझे पहिला आणि शेवटचा निकष एकमेकांशी भांडू शकतात. तेव्हा कुणाला झुकतं माप द्यायचं? मी आज तरी म्हणेन, भिंत वाचवायला. पण हे नियम म्हणून मांडण्याइतकी घरं मी अजून मोजलेली नाहीत.

घराचं काय झालं

तुम्ही हे विचारणार, म्हणून सांगते. घराचा निकाल लागलेला नाही. धाकटे काका चूक आहेत असं मला म्हणता येत नाही. त्यांना दोन मुलांसाठी दोन घरं हवीत, आणि गावठाणातल्या त्या जागेची किंमत मला आयुष्यभराच्या फेलोशिपमध्ये कमावता येणार नाही. पुढचा भाग ठेवून मागच्या गोठ्याच्या जागेत बांधायचं, असा एक तोडगा थोरल्या काकांनी काढलाय. मी त्यांना सिमेंटचा गिलावा काढून चुन्याचा करण्याचा अंदाजे खर्च आणि न्हाणीच्या दोन जागा काढून दिल्यात. या पावसाळ्याआधी कुजलेल्या खांबाला टेकू लागलाय, तेवढं नक्की झालं.

काचेच्या छताची स्लाइड मी काढून टाकली नाही. ती प्रबंधाच्या पद्धतीच्या प्रकरणात ठेवलीय, 'पहिला प्रस्ताव आणि तो का सोडला' या शीर्षकाखाली. तुम्हीही तुमच्या चुका फेकू नका. तारखेसकट ठेवा.

घराच्या मापांची एक प्रत मी त्यांना दिली. आजींनी चष्मा लावून बघितली आणि विचारलं, "चूल कुठंय यात?" मी काढायची विसरले होते. आता काढलीय.

तुमच्यासाठी काम

या रविवारी जवळच्या एखाद्या जुन्या घरात, परवानगी घेऊन, दोन तास बसा. पुण्यात असाल तर विश्रामबाग वाडा किंवा नाना वाडा, चिंचवडला असाल तर गावातला चापेकर वाडा बघा. फोटो पहिल्या तासात काढायचा नाही. कागदावर एका खोलीचं हातानं रेखाचित्र काढा आणि त्यात तीन गोष्टी वेगळ्या रंगाने दाखवा: सगळ्यात जुनं वाटतं ते, नंतर घातलेलं वाटतं ते, आणि जे का आहे ते कळत नाही ते. तिसरा रंग जिथे जास्त लागेल तिथे तुमचा प्रश्न आहे. विषय कुठलाही असो, ग्रंथालयातल्या एखाद्या हस्तलिखितावर किंवा प्रयोगशाळेतल्या जुन्या नोंदवहीवरही हा सराव करता येतो.

पुढच्या लेखात खण मोजायची पद्धत आणि मापांची वही कशी ठेवायची ते सांगते. टेप पाच मीटरची नको, तीस मीटरची घ्या. आणि टेपचं दुसरं टोक धरायला घरातलंच माणूस घ्या. मोजता मोजता ते जे बोलतात ते पुस्तकात मिळत नाही.